पाण्यावरचे बिऱ्हाड

नवे बिऱ्हाड म्हटले की दोन खोल्या, एक स्टोव्ह, आहेरात आलेली भांडी आणि घरमालकाला द्यायचे डिपॉझिट एवढ्या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. १९३९ च्या जुलै महिन्यात इंग्लंडमधील एका जोडप्याने मात्र आपले पहिले बिऱ्हाड एका जुन्या मालवाहू नावेत मांडले. मुलीच्या वडिलांना हे स्थळ मुळीच पसंत नव्हते. तेव्हा ११ जुलैला दोघांनी गुपचूप लग्न उरकले आणि २७ जुलैला बॅनबरी गावातील टूली घराण्याच्या नावा-दुरुस्तीच्या आवारातून त्यांची नाव ऑक्सफर्ड कालव्याने उत्तरेकडे निघाली. नावेची लांबी सुमारे सत्तर फूट, रुंदी जेमतेम सात फूट आणि वेग माणसाच्या चालण्याइतका. पाच आठवड्यांनी युरोपात महायुद्ध पेटणार होते.

नावेचे नाव होते ‘क्रेसी’. नवऱ्या मुलाचे नाव टॉम रोल्ट आणि नवरीचे अँजेला. टॉम एकोणतीस वर्षांचा, शिक्षणाने इंजिनिअर. लेखक व्हावे अशी त्याची मनोमन इच्छा होती. पण तोवर नावावर एकही पुस्तक जमा नव्हते. या नावेवर त्याने पुढची जवळजवळ बारा वर्षे काढली. तेथे लिहिलेल्या एका पुस्तकातून कालवे वाचवण्याची चळवळ उभी राहिली. आज इंग्लंड-वेल्समधील कालव्यांवर आणि नद्यांवर तीस हजारांहून अधिक नावा नोंदलेल्या आहेत आणि हजारो माणसांचे घर नावेवरच आहे. पण ज्या माणसांच्या ओढीने रोल्टने लेखणी उचलली, ती माणसे मात्र त्या पाण्यावर उरली नाहीत. रोल्टच्या आयुष्यातील यश आणि हुरहूर दोन्ही या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

इंजिनांचे वेड

लायोनेल थॉमस कॅसवॉल रोल्टचा जन्म ११ फेब्रुवारी १९१० रोजी चेस्टर शहरात झाला. वडील हौशी आणि फिरस्ते. ऑस्ट्रेलियात गुरांच्या कुरणांवर आणि हिंदुस्थानात एका मळ्यावर त्यांनी कामे केली होती. १८९८ मध्ये कॅनडातील युकॉन भागात सोने सापडल्याची हाकाटी झाली, तेव्हा नशीब काढायला ते तेथेही गेले आणि हात हलवीत परत आले. पुढे १९२० मध्ये ज्या कंपनीत त्यांनी पैसा गुंतवला होता ती कंपनी बुडाली. बरीचशी पुंजी गेली आणि कुटुंब ग्लॉस्टरशायरमधील स्टॅनली पाँटलार्ज या खेड्यातील जुन्या दगडी घरांत राहायला आले.

टॉमला चेल्टनहॅमच्या नामवंत शाळेत घातले होते. परंतु पुस्तकी शिक्षणापेक्षा त्याचा जीव यंत्रांत अधिक रमे. सोळाव्या वर्षी त्याने शाळेला रामराम ठोकला आणि वाफेच्या इंजिनांवर हात काळे करायला सुरुवात केली. त्यानंतर स्टोक-ऑन-ट्रेंट येथील ‘केर स्टुअर्ट’ या रेल्वे इंजिने बांधणाऱ्या कारखान्यात तो उमेदवार म्हणून दाखल झाला. त्याचे नात्याने काका लागणारे कर्ल विलन्स तेथे वरच्या हुद्द्यावरचे इंजिनिअर होते. कल्पक डोक्याच्या या काकांनी घोडा लावून ओढायची एक जुनी लाकडी मालवाहू नाव विकत घेतली होती. तीच ही ‘क्रेसी’. काकांनी हौसेने तिच्यावर वाफेचे इंजिन बसवले. पण कालवा डोंगराखालच्या बोगद्यात शिरला की धुराने सुकाणू धरणाऱ्याचा जीव गुदमरे आणि समोरचे काही दिसेनासे होई. शेवटी ते इंजिन काढून फोर्डच्या मोटारगाडीचे इंजिन तेथे चढवले गेले. टॉमने कालव्याचे जग पहिल्यांदा पाहिले ते या नावेवरून.

१९३० मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. मंदीचे दिवस होते. विशीतल्या टॉमच्या हातात कसब होते, पण काम नव्हते. काही काळाने हॅम्पशायरमधील हार्टली विंटनी गावात, ‘फिनिक्स’ नावाच्या मद्यगृहाशेजारी, त्याने भागीदारीत मोटारींचे गॅरेज काढले. जुन्या बांधणीच्या मोटारी जपणाऱ्या शौकिनांचा तेथे अड्डा जमला आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’च्या सुरुवातीच्या काळात टॉमचा मोठा वाटा राहिला. त्याने स्वतःसाठी घेतलेली १९२४ सालची ‘आल्व्हिस’ मोटार पुढे जन्मभर त्याच्याजवळ होती. याच गॅरेजात १९३७ मध्ये एके दिवशी आल्फा रोमिओ गाडी चालवत एक सोनेरी केसांची तरुणी आली. तीच अँजेला.

दरम्यान काकांनी पूर्वी विकून टाकलेली ‘क्रेसी’ १९३६ मध्ये परत विकत घेतली होती. तिच्यावरून केलेल्या सफरींनी टॉमच्या मनात पक्के घर केले. गॅरेजचा धंदा, वाढता गोंगाट, सगळ्याच गोष्टींची वाढती घाई यांना तो कंटाळला होता. नावेवर राहावे आणि लेखनावर पोट भरावे, असे त्याने ठरवले. वेडेपणाच म्हणायचा, पण अँजेलाही त्या वेडात सामील झाली.

सात फुटांचे जग

या वेडाचे मोल कळायला त्या कालव्यांविषयी थोडे सांगायला हवे. रेल्वे येण्यापूर्वी कोळसा, लोखंड, चिनी माती, धान्य असा जड माल खडबडीत रस्त्यांवरून नेणे जिकिरीचे आणि महाग होते. १७६१ मध्ये जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने आखलेला ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरला कोळसा स्वस्तात पोहोचू लागला. मग साऱ्या देशाला कालव्यांचे वेड लागले. रस्त्यावर जो घोडा फार तर एखादी गाडी ओढील, तोच घोडा काठच्या पायवाटेने चालत पाण्यावर पंचवीस टन माल सहज ओढू शकतो, हे या व्यवहारामागचे साधे गणित.

मध्य इंग्लंडमधील बऱ्याच कालव्यांवर चढ-उतारांसाठी बांधलेली लॉक सात फूट रुंदीची आहेत. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दारांमधल्या हौदात नाव घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी सोडायचे की नाव पाण्याबरोबर वर चढते. पाणी काढले की खाली उतरते. हौद सात फुटांचा म्हणून नावही सात फुटांची. लांबी मात्र सत्तर फूट. अशी ती भल्या मोठ्या पेन्सिलीसारखी चिंचोळी नाव इंग्लंडच्या कालव्यांची खूण होऊन बसली.

पुढे रेल्वे आली. कित्येक कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले. मालाचे दर घसरले, नावाड्याची कमाई आटली. काठावरच्या घराचे भाडे परवडेना, मदतनिसाचा पगार परवडेना. तेव्हा नावाड्याने बायकामुलांना नावेवरच आणले. नावेचा बहुतेक भाग मालासाठी; मागच्या टोकाला दहा फुटांच्या आत-बाहेरची एक खोली, तिच्यात सारा संसार. भिंतीतले फडताळ उघडले की त्याचे दार मेज होई, रात्री आडवी फळी टाकली की पलंग. दाराशी कोळशाची छोटी चूल. तरीही या खोलीतील पितळ लख्ख असे, भिंतीवर जाळीदार कडांच्या बशा टांगलेल्या असत आणि दारांवर, पाण्याच्या डब्यांवर गुलाबांची आणि किल्ल्यांची भडक रंगांतील चित्रे असत. ही चित्रकला या समाजाची स्वतःची.

हे जगणे कष्टाचे होते, यात शंका नाही. मुले शाळेत जाऊ शकत नसत. आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी. लिहिता-वाचता न येणारी पिढ्यान् पिढ्या माणसे. दाटीवाटीला आळा घालण्यासाठी १८७७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून या नावांची घरे म्हणून नोंदणी सक्तीची करावी लागली होती. काठावरचे लोक त्यांच्याकडे संशयानेच पाहत. आपल्याकडे पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या जमातींच्या वाट्याला गावोगाव जे आले, तेच थोड्याफार फरकाने त्यांच्याही वाट्याला आले होते.

चार महिन्यांची सफर

टॉम आणि अँजेला या जगात शिरले ते पाहुणे म्हणून. ‘क्रेसी’च्या पोटात पूर्वी जेथे माल भरला जाई तेथे बसण्याची, निजण्याची, स्वयंपाकाची जागा तयार झाली. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे चक्क आंघोळीचा टब बसवला गेला. ज्या कालव्यावर अख्खी कुटुंबे बादलीभर पाण्यात भागवत होती, तेथे ही चैनच! रोल्टला या अंतराची जाणीव होती. म्हणूनच वाटेत भेटणाऱ्या नावाड्यांशी तो बरोबरीच्या नात्याने, किंबहुना शिकाऊ माणसाच्या नम्रतेने वागत राहिला. लॉकपाशी कोणाला आधी वाट द्यायची, वळणावर भोंगा कधी द्यायचा, गाळात रुतलेली नाव कशी सोडवायची, हे तो त्यांच्याकडून शिकला.

युद्ध जाहीर झाले तेव्हा हे जोडपे वाटेतच होते. रोल्टचा स्वभाव युद्धविरोधी. पण हातातले कसब घेऊन गप्प बसणे त्याला शक्य नव्हते. क्रू येथील रोल्स-रॉइसच्या कारखान्यात स्पिटफायर विमानांची मर्लिन इंजिने बनत होती, तेथे तो कामाला लागला. पट्ट्यावर पुढे सरकणाऱ्या सुट्या भागांपुढे दिवसभर तेच ते काम करताना त्याचा जीव मेटाकुटीला येई. थोड्याच महिन्यांत विल्टशायरमधील ऑल्डबर्न गावी घंटा ओतण्याच्या जुन्या ओतशाळेत काम मिळाले आणि त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे सरकारच्या युद्धसामग्री खात्यात तांत्रिक नोकरी लागली. तेव्हा १९४१ मध्ये ‘क्रेसी’ वुस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डबिग येथे येऊन थांबली आणि पुढची पाच वर्षे तेथेच राहिली. ओळीने तीस लॉक चढून गेल्यावर हे ठिकाण लागते. ब्रिटनमधला हा लॉकचा सर्वांत मोठा जिना.

या धामधुमीत रोल्टने आपल्या पहिल्या चार महिन्यांच्या सफरीची हकिकत लिहून काढली होती. प्रकाशकांनी ती एकामागून एक साभार परत केली. कालव्यावरच्या नावाड्यांविषयी कोण वाचणार, असा त्यांचा हिशेब. हस्तलिखित बाजूला पडून राहिले. पुढे त्याचा एक लेख ग्रामजीवनावर लिहिणाऱ्या एच. जे. मॅसिंगहॅम या नावाजलेल्या लेखकाच्या नजरेत आला. त्याने शब्द टाकला आणि डिसेंबर १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ हे पुस्तक बाहेर पडले.

आणि ते हातोहात खपले. लोक पाच वर्षे बॉम्ब, रेशन आणि दिव्यांवरचे काळे कागद यांत जगत होते. आपल्याच घराच्या मागून, गावाबाहेरच्या झाडीतून एक संथ, रंगीत, जुने जग वाहत जाते आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, हे वाचून ते चकित झाले. टार्डबिगच्या काठाशी बांधलेल्या नावेवर वाचकांच्या पत्रांची रीघ लागली.

दोन माणसे, दोन वाटा

या पत्रांत एक पत्र लंडनच्या रॉबर्ट एकमनचे होते. साहित्य आणि नाट्य-संगीताचा हा जाणकार गृहस्थ बोलण्यात चतुर, संघटनेत वाकबगार आणि स्वभावाने हट्टी. ऑगस्ट १९४५ मध्ये तो पत्नीसह टार्डबिगला आला. ‘क्रेसी’वर गप्पा रंगल्या आणि कालवे वाचवण्यासाठी संस्था काढायची असे ठरले. कालव्यांचा इतिहासकार चार्ल्स हॅडफिल्ड येऊन मिळाला. १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन झाली. एकमन अध्यक्ष, हॅडफिल्ड उपाध्यक्ष आणि रोल्ट मानद चिटणीस. चिटणिसाचे कार्यालय अर्थातच नावेवर! एकमन आणि रोल्ट दोघांनीही पुढे भुताच्या गोष्टी लिहिल्या आणि त्या क्षेत्रात दोघांचीही नावे आजतागायत घेतली जातात, हा एक गमतीदार योगायोग.

पहिली लढाई झाली बर्मिंगहॅमजवळच्या लिफर्ड येथे. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचा तेथील उचलता पूल नादुरुस्त झाला होता आणि कालव्याची मालक असलेल्या रेल्वे कंपनीने त्या जागी न हलणारा पूल टाकला होता. म्हणजे कालवा बंदच. पण कायद्याने नावेला वाट देणे कंपनीवर बंधनकारक होते. हा प्रश्न लॉर्डांच्या सभागृहात विचारला गेला आणि कोणी सूचना दिल्यास पूल उचलून देऊ, असे आश्वासन मिळाले. रोल्टने लगेच सूचना दिली. मे १९४७ मध्ये रेल्वेच्या माणसांनी जॅक लावून तो पूल उचलला आणि गाळ, पाणवेली, फेकलेले भंगार यांतून घासत ‘क्रेसी’ त्याखालून पार झाली. बातमी वर्तमानपत्रांत झळकली. उपोषण नाही, मोर्चा नाही. आपल्या हक्काच्या वाटेने आपली नाव नेली, एवढेच. पुढे अनेकांनी हाच मार्ग गिरवला.

१९४९ मध्ये ‘क्रेसी’ने वेल्समधील लँगोलेन कालव्यावरची अवघड सफर पुरी केली. हा कालवा वाहतुकीसाठी १९४४ मध्येच अधिकृतपणे टाकून दिलेला होता. पाणीपुरवठ्यासाठी म्हणून तो बुजवला नव्हता इतकेच. त्याच वाटेवर टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला पाँटकसिल्टी जलसेतू आहे. १८०५ मध्ये पुरा झालेला हा सेतू दरीवर १२६ फूट उंचीवरून लोखंडी पन्हाळीतून कालवा पलीकडे नेतो. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला नावेतून हात बाहेर काढला तर खाली थेट दरी. त्या पन्हाळीतून आपले घर घेऊन जाताना या इंजिनिअरला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे टेलफर्डचे चरित्र लिहिणारा रोल्ट त्याच्या कामावरून असा तरंगत गेलेला होता. २००९ मध्ये युनेस्कोने हा सेतू जागतिक वारसा म्हणून घोषित केला.

पण तोवर संस्थेत बिनसले होते. एकमनचे म्हणणे असे, की देशातील प्रत्येक मैल कालवा वाचला पाहिजे, तडजोड नाही. त्यासाठी सहलीच्या नावा येऊ देत, मेळावे भरू देत, नटनट्या येऊ देत. रोल्टचा जीव मात्र अडकला होता माल वाहणाऱ्या नावाड्यांत. ज्या कालव्यांवर अजून काम चालू आहे ते आधी वाचवा. काम टिकले तर ही माणसे टिकतील, नाहीतर कालवे म्हणजे नुसती करमणुकीची बाग होईल, अशी त्याची धास्ती होती. १९४८ च्या आरंभी बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात गेले होते आणि निर्णयाची घडी जवळ येत होती. हळूहळू तत्त्वाचा वाद व्यक्तींचा वाद झाला. ऑगस्ट १९५० मध्ये मार्केट हारबरो येथे शंभराहून अधिक नावांचा पहिला मोठा मेळावा भरला. रोल्टने येऊ नये, असे संस्थेने त्याला कळवले होते. तरी तो गेला. १९५१ मध्ये संस्थेने आपल्या या संस्थापकालाच सभासदत्वावरून काढून टाकले.

मोडलेले घर

माणसाचे दिवस फिरतात तेव्हा सगळीकडून फिरतात. त्याच सुमारास ‘क्रेसी’ची तपासणी झाली आणि तळाचे लाकूड कुजल्याचे निष्पन्न झाले. लाकडी नावेला वयाची मर्यादा असते. फळ्यांच्या फटींत दोर ठोका, डांबर भरा, पण मूळ लाकूडच भुसभुशीत झाले की इलाज नसतो. ती नाव निकालात निघाली.

आणि संसारही. बारा वर्षांपूर्वी वडिलांचा विरोध पत्करून नावेवर आलेल्या अँजेलाला भटके आयुष्य सोडवत नव्हते. टॉमला आता कोठेतरी स्थिर व्हावेसे वाटत होते. १९५१ मध्ये दोघे वेगळे झाले. अँजेला ‘बिली स्मार्ट’च्या सर्कशीत सामील झाली आणि गावोगाव फिरत राहिली. यात कोणाला दोष द्यावा? एकाच नावेत बसलेल्या दोघांचे किनारे वेगळे निघाले.

चाळिशी ओलांडलेल्या रोल्टजवळ आता घर, नाव, संस्था काहीच नव्हते. पण हा माणूस विलक्षण चिवट. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी १८६५ च्या सुमारास बांधलेली एक अरुंद रेल्वे होती. आपल्या माथेरानच्या गाडीची आठवण व्हावी अशी. तिचे वयोवृद्ध मालक १९५० मध्ये वारले आणि ती बंद पडणार हे दिसू लागले. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममधील एका हॉटेलात रोल्टच्या पुढाकाराने सभा झाली. रेल्वे जर हौशी लोकांनी, बिनपगारी, स्वतः चालवली तर? मे १९५१ मध्ये गाडी खरोखरच सुरू झाली आणि रोल्ट तिचा व्यवस्थापक झाला. स्वयंसेवकांनी वाचवलेली आणि चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे. त्यानंतर जगभर अशा कितीतरी रेल्वे उभ्या राहिल्या. जुनी वस्तू काचेच्या कपाटात ठेवून जगत नाही, वापरात राहिली तरच जगते, हे कालव्यावर शिकलेले सूत्र त्याने येथे खरे करून दाखवले.

सोनियाची सोबत

संस्थेच्या कामात रोल्टला सोनिया स्मिथ भेटली होती. ही मूळची अभिनेत्री. युद्धकाळात माणसे कमी पडली तेव्हा मालाच्या नावा चालवायला काही शहरी तरुणी पुढे आल्या, त्यांपैकी ती एक. इतर बहुतेक जणी युद्ध संपल्यावर घरी गेल्या. सोनिया राहिली. तिने जॉर्ज स्मिथ या नावाड्याशी लग्न केले, त्याच्याबरोबर मालाच्या नावेवर संसार केला आणि नावाड्यांच्या हक्कांसाठी ती संस्थेत भांडत राहिली. रोल्ट जे बाहेरून पाहत होता, ते ती आतून जगली होती. ते लग्न मोडले आणि पुढे टॉम आणि सोनिया यांचे लग्न झाले. टिम आणि रिचर्ड ही दोन मुले झाली. बिऱ्हाड थाटले ते स्टॅनली पाँटलार्जच्या त्याच दगडी घरात.

तेथे बसून रोल्टने झपाट्याने लिहिले. रेल्वे अपघातांचा इतिहास सांगणारे ‘रेड फॉर डेंजर’ १९५५ मध्ये आले. १९५७ मध्ये इझांबार्ड किंग्डम ब्रुनेलचे, १९५८ मध्ये टेलफर्डचे आणि १९६० मध्ये जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन या पितापुत्रांचे चरित्र. बोरीबंदर-ठाणे रेल्वे घालणारा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले हा याच रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला, हे आपल्या वाचकांनी येथे आठवावे. इंजिनिअरांची चरित्रे म्हणजे आकड्यांची रुक्ष जंत्री, हा समज रोल्टने मोडून काढला. पूल कोसळल्यावर इंजिनिअरची रात्र कशी जाते, हे त्याला ठाऊक होते. कारण त्याने स्वतः इंजिने उघडली होती, कारखाना बुडताना पाहिला होता आणि लाकूड कुजताना हाताने चाचपले होते. पुढे न्यूकॅसल आणि बाथ या विद्यापीठांनी त्याला सन्माननीय पदव्या दिल्या. ९ मे १९७४ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्याच दगडी घरात त्याचे निधन झाले.

जमा आणि खर्च

अखेर कोणाचे खरे ठरले? एकमनचे म्हणावे तर बरेचसे खरे ठरले. ज्या स्ट्रॅटफर्ड कालव्यावर ‘क्रेसी’ गाळातून घासत गेली, त्याचा बंद पडलेला दक्षिण भाग स्वयंसेवकांच्या, सैनिकांच्या आणि कैद्यांच्याही श्रमांतून साफ झाला आणि १९६४ मध्ये पुन्हा खुला झाला. केनेट-एव्हन कालवा १९९० मध्ये खुला झाला. टाकून दिलेल्या लँगोलेन कालव्यावर आज सुटीच्या दिवशी नावांची रांग लागते. सहलीची हौस नसती तर यांतले बरेच कालवे बुजून त्यांवर रस्ते झाले असते, हे रोल्टच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल.

पण रोल्टची धास्तीही खोटी नव्हती. १९६२-६३ च्या भीषण हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून गेले, माल जागच्या जागी अडकला, गिऱ्हाईक रस्त्याकडे वळले ते वळलेच. १९६३ मध्ये सरकारी मालवाहतूक जवळजवळ गुंडाळली गेली. नावाडी कुटुंबे काठावर आली. कोणी कारखान्यात लागले, कोणी लॉकची देखभाल करू लागले. मुलांना शाळा मिळाली, छपराखाली न्हाणीघर मिळाले. हे चांगलेच झाले. पण एक समाज, त्याची बोली, त्याचे कसब विरून गेले. त्यांच्या रिकाम्या नावा हौशी मंडळींनी स्वस्तात घेतल्या. कोणी सत्तर फुटांची नाव मधोमध कापून तिच्या दोन केल्या. जेथे कोळसा होता तेथे सोफा आला, फ्रिज आला. आज कालव्यावर दिसणाऱ्या बहुतेक नावा तर नव्याने बांधलेल्या, पोलादी आहेत. तरी त्यांच्या दारांवर गुलाब आणि किल्ले हमखास रंगवलेले असतात. घर परवडत नाही म्हणून नावेवर राहणारी तरुण मंडळीही लंडनमध्ये आता पुष्कळ आहेत. दीडशे वर्षांपूर्वी नावाड्याने बायकामुलांना नावेवर आणले, तेही भाडे परवडत नव्हते म्हणूनच. चक्र असे फिरून तेथेच येते.

सोनिया रोल्ट २०१४ पर्यंत, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत जगली. १९९७ मध्ये तिने कॉव्हेंट्रीजवळच्या नावाड्यांची एका हौशी छायाचित्रकाराने टिपलेली जुनी छायाचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. कपडे वाळत घालणाऱ्या बायका, सुकाणूपाशी उभी पोरे, रविवारचा कोट घातलेले पुरुष. यातली कितीतरी माणसे तिच्या ओळखीची होती. टॉमच्या पहिल्या पुस्तकाने ज्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले, त्यांचा हा कुटुंब-अल्बम त्याच्या माघारी त्याच्या पत्नीने जपून ठेवला.

बॅनबरीचे ते टूली घराण्याचे आवार अजून आहे. भोवती काचेचे मोठे व्यापारी संकुल उभे राहिले, तरी मधोमध जुनी गोदी आणि लोहारशाळा टिकून आहे. जवळच्या कालव्यावरच्या एका पुलाला रोल्टचे नाव दिलेले आहे. टार्डबिगला वरच्या लॉकपाशी तो आणि एकमन प्रथम भेटले त्याची खूण म्हणून पाटी लावलेली आहे. भांडून दूर झालेली दोन माणसे त्या पाटीवर अजून शेजारी-शेजारी आहेत. ‘क्रेसी’ मात्र कोठेच नाही. तिच्या मागून निघालेल्या हजारो नावा त्या पाण्यावर माणसाच्या चालण्याच्या वेगाने जात-येत असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पुस्तकांच्या फळीवर तिची गोष्ट असते.